डावीकडचं मोकळं पाणी

४ मे

ही वही संघप्रियानं आणून दिली. डॉक्टर म्हणाले होते, रोज चार ओळी लिहा, हात आणि डोकं दोन्ही चालू राहतील. मी म्हटलं, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होतो, लॉगशीट सोडून आयुष्यात काही लिहिलं नाही. लेक म्हणाली, "मग लॉगशीटच समजा, पप्पा." म्हणून लिहितोय.

नोंद अशी. जालिंदर सरवदे, वय बासष्ट, राहणार जुळे सोलापूर. ६ मार्चला सकाळी दाढी करताना झटका आला. आठ दिवस दवाखान्यात काढले. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते सरळ झालं. हातापायाला काही नाही, जिना चढतो-उतरतो. एसटीतून रिटायर झाल्यावर शाळेची व्हॅन घेतली होती, ती दारात उभी आहे. तिच्यात दहा मुलं असतात. डॉक्टरांची ताकीद अशी की, जूनमध्ये तपासणी होईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. शाळा पंधरा जूनला उघडणार. त्या दिवशी सकाळी मला त्या सीटवर बसायचं आहे. बाकी मला काही नको. माणूस बिनकामाचा घरात बसला की भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा होतो, येता-जाता सगळे बघतात पण कुणी विचारत नाही.

६ मे

केसरनं, माझ्या बायकोनं, माझी शेंगाचटणी बंद केली. दवाखान्यातून आलो तेव्हापासून. ताटात भाजी, वरण, भाकरी, आणि बस्स. लिंबू नाही, कांदा नाही. बीपीचं खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मला ठाऊक आहे, तिची बहीण. मी मागणार नाही. अडतीस वर्षांत ताटावर बसून काही मागितलं नाही, आता तर मुळीच नाही.

९ मे

दुपारी वेळ जात नाही. संघप्रिया पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तिचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात होता. त्यावर एक पाणबुडीचा खेळ आहे, कॉलेजात असताना ती खेळायची. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना डोक्याला काम द्या. गाडी नाही तर पाणबुडी चालवा."

मी आधी हसलो. मग तासभर हललो नाही. पाण्याखाली काच नाही, आरसा नाही. सगळा कारभार कानावर आणि पडद्यावरच्या एका गोल तबकडीवर. मध्ये आपण, भोवती समुद्र. लांब कुठे जहाजाचा पंखा फिरला की तबकडीवर ठिपका उठतो. शत्रूनं टॉर्पेडो सोडला की लाल रेघ येते आणि कानात बारीक टिकटिक सुरू होते, जवळ येईल तशी जोरात. अरुंद खाडीतून निघून पलीकडच्या बंदरात पोचायचं, एवढीच फेरी. मी पाणबुडीचं नाव लालपरी ठेवलं. पहिल्या दिवशी पाच वेळा बुडालो.

१३ मे

आज लेकीनं नीट समजावलं. टॉर्पेडो पंचावन्नच्या वेगानं येतो, आपली गाडी पळून पळून पंचवीस. "पप्पा, पळून सुटका नाही. तुम्ही सारखे पळताय." मग करायचं काय? तर घाबरायचं नाही. तो कुठल्या बाजूनं येतोय ते आधी बघायचं. त्याला जवळ येऊ द्यायचं. मग फसवा सोडायचा, म्हणजे पाण्यात एक डबा सोडायचा, तो आपल्यापेक्षा मोठा आवाज करतो. आणि त्याच वेळी कट मारून खोल जायचं. टॉर्पेडो डब्याच्या मागे जातो, आपण खाली गप्प.

हे मला पटलं. घाटात मागून ट्रक अंगावर येत असला तर त्याच्याशी शर्यत लावायची नसते, वाट द्यायची असते. संध्याकाळपर्यंत दोन टॉर्पेडो चुकवले. दोन्ही उजवीकडून आलेले. केसरला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "लई ग्वाड झालं. आता गोळ्या घ्या."

१७ मे

या खेळात खोट आहे. उजवीकडून येणारा टॉर्पेडो रीतसर येतो, रेघ दिसते, वेळ मिळतो. पण दर दोन-चार वेळा एखादा न दिसता येतो. टिकटिक ऐकू येते, मी उजवीकडे बघतो, तिथे काही नसतं. डावीकडचं पाणी मोकळं असतं, म्हणून तिकडे वळतो, आणि धडाड. संघप्रियाला सांगितलं तर म्हणाली, "जुना खेळ आहे, असेल काहीतरी." ती कामाच्या फोनवर होती.

२० मे

आज दोन गोष्टी.

चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. डॉक्टरांनी जूनमध्ये डोळ्यांचं काहीतरी बघायचं म्हणून लिहिलंय, म्हटलं आपणच आधी खात्री करावी. भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली. दुकानदार म्हणाला, "काका, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गाळताय." मी म्हटलं, बाकीची वाचली की नाही? हसला आणि म्हणाला, नजर तरुण आहे तुमची. घरी येताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. डावा खांदा आहे, परवाही तोच आपटला होता. चौकट अरुंद केलीय बिल्डरनं.

दुसरी गोष्ट अशी की, शेजारणीशी बोलताना केसर काय म्हणाली ते मी ऐकलं. "मालक लई शहाणे झाले बगा. चटणी वाढती, लिंबू वाढती, हात लावत न्हाईत. माज्या जिवासाठी सोडलं की त्यांनी." ऐकून मी थक्क झालो. वाढायचं नाही, आणि वर गल्लीत सांगायचं की मी सोडली! अडतीस वर्षांत तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

मी रागानं तिच्याशी दिवसभर बोललो नाही. तिला कारण कळलं नसावं.

२५ मे

इमामसाब आला होता. तो माझा कंडक्टर. अक्कलकोट गाडीवर, नंतर लातूर गाडीवर, असे बावीस वर्षं एकत्र होतो. त्यानं खेळ बघितला आणि शेजारी खुर्ची ओढून बसला. उजवीकडून टॉर्पेडो आला, मी फसवा सोडला, कट मारला, खाली गेलो. इमामसाबनं मांडीवर थाप मारली. "वा रे मेरे शेर! हात तसाच हाय तुजा."

मग कामाचं बोलला. त्याची नात राहत यंदा पहिलीत जाणार. तिच्या आईला, रुक्सानाला, रिक्षावर भरवसा नाही. "तू चालवणार असशील तर तुज्या गाडीत घालतो. दुसऱ्याच्या हातात लेकरू देणार न्हाय. बोल, चालवणार की न्हाय?"

मी म्हटलं, पंधरा तारखेला सकाळी सात वाजता गल्लीच्या तोंडाशी उभी कर. शब्द दिला.

२९ मे

आज एकामागून एक तीन चुकवले. बंदर समोर दिसत होतं. मग चौथा त्या मोकळ्या बाजूनं आला. मी टेबलावर मूठ आपटली तशी केसर आतून धावत आली, तिला वाटलं पुन्हा झटका आला. तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

संघप्रियानं ही वही चाळली. म्हणाली, "पप्पा, अर्धं पान कोरं सोडताय. डावीकडे एवढा समास?" मी म्हटलं, लॉगशीटला समास असतोच. ती हसली.

४ जून

परवा, सहाला, डॉक्टरांची तपासणी आहे. मी जाणार नाही. ते काहीतरी काढतील आणि अजून तीन महिने बसवतील. तोवर अकरा घरं दुसरी गाडी बघतील. पेशंट म्हणून नोंदवलेल्या माणसाला कुणी मुलं देत नाही. केसरला सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत, पंधरा दिवसांनी या म्हणाले. तिनं विचारलं, "फोन आलता का?" मी व्हय म्हटलं. खोटं बोललो ते इथे लिहून ठेवतो. मला भीती वाटते म्हणून बोललो.

८ जून

गाडी चालवली!

केसर विहारात गेली होती, संघप्रिया मैत्रिणीकडे. सकाळी नऊला व्हॅन काढली, सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आलो. पहिली दोन मिनिटं जपून चालवली, नंतर सगळं आपसूक जमलं. गिअर, क्लच, हॉर्न, काही म्हणजे काही विसरलेलो नाही. लोक मात्र फार बेशिस्त झालेत. तीन महिन्यांत शहराला काय झालं कोण जाणे. दोन स्कूटरवाले कुठून उगवले ते कळलंच नाही, एक जण शिवी देऊन गेला.

सात रस्त्याला रुक्साना आणि राहत रिक्षासाठी उभ्या होत्या, शाळेचे बूट घेऊन. रुक्सानानं लांबूनच "चाचा, चाचा" हाक मारली. त्यांना बसवलं. राहत सारखी विचारत होती की तिची जागा कुठली. मी म्हटलं, आधी बसेल तिची. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. दार लागल्याचा आवाज आला, डावा आरसा बघितला, मोकळा होता. रुक्सानानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. इमामसाबची सवय सुनेनंही उचललेली दिसते. बस उभी असताना तो खाली उतरून माणसं चढवायचा आणि पत्र्यावर दोन थापा मारायचा, आमची ती डबल बेल. त्या दोन थापांवर मी बावीस वर्षं मागे न बघता गाडी सोडली आहे. आजही सोडली. तेवढ्यात उजवीकडून एक कुल्फीवाला हातगाडी ढकलत मध्ये आला, कचकन ब्रेक मारावा लागला. तो गेल्यावर मी निघालो. रुक्साना मागून काहीतरी ओरडत होती, मी हात बाहेर काढून निरोप घेतला.

आता बिनधास्त झालो. पंधरा तारखेला मी तयार आहे.

१० जून

व्हॅन धुताना केसरला डाव्या अंगाला लांब ओरखडा दिसला. मी म्हटलं, गल्लीतल्या पोरांनी सायकल घासली असेल. ती बराच वेळ ओरखड्यावरून बोट फिरवत राहिली.

१२ जून

काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं झालं नव्हतं.

दुपारी खेळत होतो. आजवर सगळ्यात पुढे गेलो. बंदर अर्ध्या मैलावर. टिकटिक आली. उजवीकडे काही नाही. डावीकडे मोकळं. वळलो आणि बुडालो. मी ओरडलो, "हा खेळ माणसाला फसवतो!" संघप्रिया काम सोडून आली. म्हणाली, "थांबा, झालेलं परत दाखवता येतं, बघू काय खोट आहे." तिनं शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली. मी पडद्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे.

म्हणाली, "पप्पा, तो तर केव्हाचा दिसतोय."

"कुठे?"

"चाळीस सेकंद झाले. लाल रेघ. तुम्ही त्याच्याच दिशेनं वळताय."

मी म्हटलं, तिकडे पाणी मोकळं आहे. तिनं खेळ तिथेच थांबवला. मग हळूच विचारलं, "आपण किती खोल आहोत ते सांगा बरं." मी म्हटलं, या खेळात खोलीचं मीटर नाही, मी अंदाजानं जातो.

तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि मान डावीकडे वळवली. "अजून. अजून थोडी, पप्पा."

तिथे मीटर होतं. खोलीचं मीटर, त्याखाली फसवे किती उरले त्याचा आकडा, त्याखाली धोक्याचा लाल दिवा, लुकलुकत होता. पडद्याची एक अख्खी पट्टी. महिनाभर रोज दोन-तीन तास मी या खेळासमोर बसलोय, आणि तिथे काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. अंधार दिसला असता तर कळलं असतं. अंधारही नव्हता. ती बाजू नव्हतीच. मान सरळ केली की मीटर गेलं, आणि काही गेलंय असंसुद्धा वाटलं नाही.

संघप्रियानं ही वही उचलली, दोन पानं उलटली, आणि रडायला लागली. "मला समास वाटला. मी हसले, पप्पा."

मी स्वयंपाकघरात गेलो. केसरला म्हटलं, वाढ. ताट पुढे आलं. मी मान वळवली. चटणी होती. लिंबाची फोड होती, कांदा होता, मीठ होतं. ताटाच्या डाव्या बाजूला, जिथे आपल्याकडे वाढतात तिथेच. रोज होती. केसर रोज वाढत होती आणि रोज उचलून ठेवत होती. मी तिला खोटारडी ठरवलं. तिला सगळं सांगितलं, तारखेचं खोटंही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं माज्यासाटी सोडली." एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

मला भीती वाटली ती नंतर, अंगणात गेल्यावर. व्हॅनचं दार डावीकडे उघडतं. मुलं डावीकडून चढतात, डावीकडून उतरतात. आणि आठ तारखेला मी सात रस्त्यापर्यंत जाऊन आलोय. त्या सगळ्या रस्त्यावर माझ्या डावीकडे कोण होतं, मला सांगता येणार नाही.

१३ जून

डॉक्टरांकडे गेलो. तिघंही गेलो. एक रेघ दिली आणि म्हणाले, बरोबर मध्ये खूण करा. मी केली. उजव्या टोकाजवळ पडली. म्हणाले, डोळे शाबूत आहेत, मेंदू डावी बाजू मोजत नाही. झटक्यानंतर होतं असं, आणि पेशंटला स्वतःला कळत नाही. व्यायाम देतील, थोडं सुधारेल. मी विचारलं, गाडी? ते म्हणाले, मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.

घरी येऊन दहा घरांना फोन केले. खरं कारण सांगितलं. कुणी "काळजी घ्या काका" म्हणालं, कुणी नुसतंच बरं म्हणालं. अकरावं घर इमामसाबचं. तिथे फोन करायचा नाही, जायचं.

१४ जून

संघप्रियानं स्कूटरवर नेलं आणि ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, मीच तसं सांगितलं.

इमामसाब दारात बसला होता. रुक्सानानं चहा आणला. राहतनं नवे बूट घालून दाखवले, घरातल्या घरात चालून. मी बोलायला तोंड उघडलं, पण आधी रुक्सानाच बोलली. म्हणाली, "चाचा, त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहिले. अब्बांना आजच सांगितलं, आधी सांगितलं असतं तर त्यांनी हिला मारलं असतं."

मी विचारलं, कशाचे आभार?

"हिच्या फ्रॉकची नाडी दारात अडकली होती की. हिनंच ओढून दार लावलं, आणि गाडी सुटली. मी पत्र्यावर थापा मारल्या, ओरडले. चार पावलं ओढत गेली, चाकाच्या अगदी जवळ. पण तुमी बघितलं, कचकन ब्रेक मारला. मग मी दार उघडून सोडवली. नुसता गुडघा खरचटला."

इमामसाबनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून तर म्हणतो. बावीस वर्षं बघतोय, याचं लक्ष असतं. उद्या सात वाजता उभी करतो हिला."

मी चहाचा कप खाली ठेवला. गप्प बसता आलं असतं. तब्येत बरी नाही, गाडी बंद केली, एवढं सांगून उठता आलं असतं, आणि या घरात माझं नाव होतं तसं राहिलं असतं. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, आणि ते करावंसंही वाटलं. मग राहतकडे बघायला मला मान वळवावी लागली. ती इतका वेळ माझ्या डाव्या बाजूला उभी होती.

मी म्हटलं, "इमामसाब, मला ती दिसली नव्हती. मला डावीकडचं दिसत नाही. मार्चपासून नाही, आणि मला ते परवा कळलं. रुक्सानाच्या थापा मला डबल बेल वाटल्या. मी थापा ऐकून गाडी सोडली."

इमामसाबचा हात पाठीवरच होता. तो त्यानं काढला नाही, पण हलवलाही नाही.

रुक्सानाला नीट कळायला वेळ लागला. तिनं राहतला ओढून कुशीत घेतलं. म्हणाली, "पण ब्रेक तर मारला की तुमी."

"उजवीकडून कुल्फीवाला आडवा आला. त्याच्यासाठी मारला."

मग तिनं विचारलं, "तो कुल्फीवाला आला नसता तर, चाचा?"

मी खाली बघितलं. तिनं पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू आवाजात.

मी म्हटलं, "थांबलो नसतो."